गुळाच्या जागी चॉकलेट

माणसानं चोरी करावी तर निदान नीट करावी, एवढंच शंकरीअम्माचं म्हणणं होतं. तिच्या नवऱ्याला, पालेमूल्याच्या तिरुमल भट्टांना, तेवढंही जमत नव्हतं. डॉक्टरनं गोड बंद केलेलं. तरी हा माणूस पुत्तूरच्या बाजारातून चॉकलेटं आणायचा, सुपारीच्या पोत्यांमागे उभं राहून खायचा, आणि वरचा सोनेरी कागद नखानं गुळगुळीत करून पंचांगात ठेवून द्यायचा. का, तर कागद चांगला असतो, टाकवत नाही. शंकरीअम्माला अक्षरं बेताचीच येत, पण पंचांगातली एकादशीची खूण तिला ओळखू येई. ती खूण शोधायला तिनं पंचांग उघडलं आणि तिथीतिथीतून सोनं मांडीवर सांडलं.

"हे काय?" तिनं विचारलं.

"खुणेला ठेवलेत," भट्ट म्हणाले.

"कसली खूण?"

"ग्रहणाची."

"वर्षभर ग्रहण आहे वाटतं यंदा."

भट्टांनी यावर आकाशाकडे पाहिलं. संसाराच्या इतक्या वर्षांत अडचण आली की आकाशाकडे पाहायचं, एवढी एक विद्या त्यांनी चांगली कमावली होती.

शंकरीअम्मानं स्वतः काशीला गोड सोडलं होतं. लोक काशीला जाऊन काय सोडतात, तर न आवडणारी भाजी. तिनं जिवापाड आवडणारं गोड सोडलं, आणि ही गोष्ट घरादाराच्या नीट लक्षात राहील याचीही काळजी घेतली. घरात पायस, म्हणजे गुळाची खीर, शिजलं की ती वाटी उचलून नाकाजवळ नेई, वास घेई आणि मुकाट्यानं खाली ठेवी. ते पाहून इतरांचा घास अडकला नाही तर तिला चुकल्यासारखं होई. अशा बाईच्या नवऱ्यानं पोत्यांमागे चॉकलेट खावं, हे साखरेपेक्षाही तिच्या मानाला जास्त लागलं होतं.

पण मान एकवेळ सावरता आला असता. खरी टांगती तलवार बंगळूरला होती. मुलाचा, गणराजचा, फोन आला. खालच्या घरी, म्हणजे शंकरीअम्माच्या धाकट्या जावेच्या, वारिजाच्या घरी, नातवाची मुंज ठरली होती. गणराज म्हणाला, "अम्मा, मुंजीला येईन तेव्हा अप्पांचं रक्त तपासायचं. साखर उतरली असली तर ठीक. नाहीतर तुम्ही दोघं माझ्याबरोबर इकडे. तुमची खोली रंगवून घेतली आहे."

शंकरीअम्मा एकदा त्या घरी राहून आली होती. अकराव्या मजल्यावर. तिथे कढीलिंब विकत घेतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. सकाळी उठून तिनं ओसरी धुवावी तशी गॅलरी धुतली, तर खालच्या मजल्यावरून एक माणूस ओला होऊन वर आला. गाय नाही, पाट नाही, भांडायला जाऊ नाही. रंगवलेली खोली म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे गुरांचा दवाखाना आला.

"आणि अम्मा," गणराज पुढे म्हणाला, "अप्पांना राहवतच नसेल तर काळं, कडू चॉकलेट असतं ना, साखर कमी असलेलं, त्यातलं थोडं दे. ते त्या मानानं बरं." फोन ठेवता ठेवता त्यानं त्याची किंमतही सांगितली, आणि घोळाला तिथून सुरुवात झाली.

कारण ते चॉकलेट ज्यापासून होतं तो कोको शंकरीअम्माच्या स्वतःच्या बागेत, पोफळींच्या सावलीत, खोडाखोडाला लटकत होता. फळं फोडायची, आतलं ओलं बुळबुळीत बी डब्यात भरायचं, सोमवारी सोसायटीच्या गाडीत चढवायचं, हे सासऱ्यांच्या वेळेपासून चाललेलं. पुढे त्या बियांचं काय होतं याची चौकशी पालेमूल्यात कुणी केलेली नव्हती. मुलगी दिल्यावर रोज उठून विचारायला जात नाहीत तसं.

"म्हणजे आपलंच बी," ती भट्टांना म्हणाली, "आपल्यालाच सोनेरी कागदात बांधून परत विकतात, आणि तुम्ही ते कागद जपून ठेवता. मी घरी करीन. आपल्या गुळाचं, आपल्या मिऱ्याचं, आपल्या सुंठीचं. दोन वेळा माझ्या हातानं देईन. बाहेरचं बंद."

पुत्तूरच्या दुकानदाराला तिनं त्याच दिवशी निरोप धाडला की, आमच्या ह्यांना चॉकलेट विकलंस तर मी येऊन दुकानात बसेन. काय करीन ते तिनं कळवलं नव्हतं. गरज पडली नाही.

सोमवारी पालेमूल्यातून डबा गेला नाही. मंगळवारी सोसायटीचा कारकून चंद्रशेखर स्कूटर लावून ओसरीवर हजर. त्याला संशय होता की भट्टांनी बी खासगी व्यापाऱ्याला घातलं.

"घरी ठेवलंय," शंकरीअम्मा म्हणाली.

"घरी ठेवायचं तर अर्ज लागतो, अम्मा. सभासदाच्या सहीचा. कारण लिहून."

"माझ्या झाडाचं बी मी ठेवून घ्यायचं, त्याला अर्ज?"

"सभासद भट्टरु आहेत. तुम्ही नाही."

हे तिला तोंडात मारल्यासारखं लागलं. तरी तिनं गूळ-पाणी पुढे ठेवलं. आलेल्याला गूळ आणि पाणी दिल्याशिवाय त्या घरात भांडणसुद्धा सुरू होत नसे. भट्टांनी चष्मा लावून अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती औषधासाठी.' चंद्रशेखर म्हणाला, औषध म्हटलं की डॉक्टरचा दाखला आला. मग 'खाण्यासाठी' लिहिलं. चंद्रशेखरनं मान हलवली. "कोको कोण खातं, अम्मा? आजवर असं कुणी लिहिलेलं नाही. वरचे साहेब मला विचारतील." शेवटी त्यानंच सुचवलं की 'गुरांसाठी' लिहा, ते चटकन मंजूर होतं.

भट्टांनी लेखणी थांबवली. "मी गुरांत धरला गेलो का आता?"

"सही करा," शंकरीअम्मा म्हणाली. "गुरं ऐकतात तरी."

अशा रीतीनं भट्टांनी आपल्या शिक्षेच्या कागदावर स्वतः सही केली.

बी आंबवावं लागतं, हे गणराजनं फोनवर सांगितलं होतं. आंबवणं शंकरीअम्माला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या डोशाचं पीठ गावात नावाजलेलं. तिनं माळ्यावर वेताच्या टोपलीत केळीची पानं घातली, बी ओतलं, वर पानं झाकली आणि दगड ठेवला. सोवळ्यात. कारण माळ्याखालीच देवघर. शंकरीअम्माचं सोवळं असं की पाहुणी बाई आंघोळ करून आली तरी तिला पुन्हा विहिरीवर धाडण्यात येई.

दोन दिवसांनी घरात वास सुटला. पहिल्यांदा पिकल्या फणसासारखा होता, तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग तो बदलला. तिसऱ्या दिवशी वारिजा कुंपणापाशी येऊन उभी राहिली. नाकाला पदर.

"अक्का, भावजी बरे आहेत ना?"

"त्यांना काय झालंय?"

"नाही, म्हणजे… घरातला त्रास घरातच ठेवू नये. माझ्या माहेरी एकाला लागलं होतं व्यसन, आयुर्वेदानं सुटलं."

शंकरीअम्माला क्षणभर कळलं नाही, आणि कळलं तेव्हा पुरोहित फाटकातून आत येत होते. मुंज वारिजाकडची, पण मोठं घर हे, म्हणून मुहूर्ताचं बोलणं इथे. पुरोहित पायरीवर चढले, थांबले, उतरले, आणि अंगणात सुपारी वाळत होती तिच्या कडेला जाऊन बसले. गूळ-पाणी आणलं तर म्हणाले, आज उपास आहे. ज्या घरी आंघोळीवर आंघोळ लागते त्या घरच्या पाण्याला पुरोहित उपास सांगतो, आणि वर देवघरावरच्या माळ्यातून ताडीच्या दुकानासारखा दरवळ येतो. शंकरीअम्माच्या आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता. तिनं टोपली खाली आणवली, पानं काढली आणि पुरोहितांच्या पुढ्यात धरली.

"बघा. बी आहे. दारू नाही."

पुरोहितांनी लांबूनच वाकून पाहिलं. "मी कुठे काय म्हणालो?"

"म्हणाला नाहीत, बसलात तिकडे."

भट्ट या सगळ्या वेळात आकाशाकडे पाहत होते. गावात मात्र आठवडाभर असं चाललं की पालेमूल्याच्या भट्टांना अलीकडे डोळे वर करून बसायची सवय लागली आहे, आणि ती कशानं ते आता कळलं.

बी वाळलं, भाजलं, सुपात पाखडलं. इथवर शंकरीअम्माचा हात चुकला नाही. मग ते ग्राइंडरमध्ये गेलं. डोशाचाच ग्राइंडर, दगडी पाट्याचा. बी हळूहळू सुटलं, काळं, चकाकतं, तेलकट झालं. आणि जरा घट्ट वाटलं म्हणून शंकरीअम्मानं, हयातभर जे केलं तेच केलं. ओंजळभर पाणी शिंपडलं.

डोशाच्या पिठात पाणी शिंपडलं की पीठ सैल होतं. चॉकलेटचं उलटं आहे. त्या काळ्या तळ्याचा डोळ्यांदेखत चिखल झाला, चिखलाचा गोळा झाला, आणि गोळ्यानं दगड धरला. तिला वाटलं पाणी कमी पडलं. आणखी घातलं. ग्राइंडर कण्हला. त्याच वेळी वीज गेली आणि ती परत येईपर्यंत गोळ्यानं दगड असा आवळला की दोघांना वेगळं करायला भट्टांना कोयती आणि सुपारी सोलायचा सुळा दोन्ही लागले. त्यानंतर पुढचे कित्येक दिवस पालेमूल्यात डोसे तपकिरी होत. पाहुणे विचारत, नाचणीचे का? शंकरीअम्मा म्हणे, हो.

दुसऱ्या खेपेला पाणी नाही, पण ओला गूळ. तोच प्रकार. तिसऱ्या खेपेला गूळ उन्हात कडकडीत वाळवून, कुटून घातला, तर वड्या अशा झाल्या की भट्टांच्या कवळीचा एक दात त्यात राहिला. भट्टांनी तो शांतपणे काढून धुतला. "चव छान आहे," ते म्हणाले.

तोवर सल्ले सुरू झाले होते. वारिजा म्हणाली तूप घाला, तुपाशिवाय जगात काही मऊ झालेलं नाही. पुरोहितांच्या बायकोनं मेथीची पूड पाठवली. चंद्रशेखरनं स्कूटरवरूनच सांगितलं की कारल्याचा रस घाला, साहेबांना लागू पडला. ज्या बाईनं स्वयंपाकात सासूचंसुद्धा ऐकलं नव्हतं, तिला आता सोसायटीचा कारकून कारलं सांगत होता. मेथी तिनं गाईला घातली, कारलं चंद्रशेखरला शेलक्या शब्दांत परत केलं. तूप मात्र घातलं, वारिजाला न सांगता, आणि वड्या मऊ झाल्या.

पण नुसत्या मऊ होऊन काय? गुळानं साखर चढलीच असती. म्हणून तिनं आपल्या धाकट्या भावाला, महालिंग पंडिताला, बोलावलं. महालिंग वैद्य होता, हळू बोलणारा. वाक्य सुरू केलं की ते संपेपर्यंत काढा उकळून निम्मा होई.

"अक्का," तो म्हणाला, "मधुनाशिनीची वेल आहे ना तुझ्या कुंपणावर, तिचा पाला वाळवून घाल. साखरेचा शत्रू आहे तो. मात्र एक लक्षात ठेव, खाल्ल्यावर तासभर…"

"पाणी पिऊ नये. कळलं."

"तसं नाही. खाल्ल्यावर…"

"महालिंगा, मला पाला वाळवायचाय, पुराण ऐकायचं नाही. ऊन चाललंय."

महालिंगनं उरलेलं वाक्य पिशवीत घातलं आणि तो घरी गेला.

त्या खेपेच्या वड्या उतरल्या तेव्हा शंकरीअम्माला स्वतःचं कौतुक आवरेना. काळ्याभोर, तुकतुकीत, मिऱ्याचा आणि वेलदोड्याचा वास. चव तिला घ्यायची नव्हती. त्यात गूळ, आणि काशीचं व्रत. स्वतः न चाखता चॉकलेट करणारी ती बहुधा त्या तालुक्यात एकटीच. चाखायचं काम भट्टांकडे. सकाळी एक, संध्याकाळी एक, ती स्वतः हातावर ठेवी. भट्टांचा हात तोंडाकडे जाई, गालात काहीतरी फिरल्यासारखं होई, मान डुले.

"कसं आहे?"

"वा."

आणि मग ते उठत, पायात चपला घालत आणि बाहेर पडत. विचारलं तर म्हणत, पोफळींवर रोग दिसतोय का बघून येतो. परत येत ते घामाघूम, धापा टाकत, आणि जेवून असे झोपत की घोरण्यानं माळ्यावरची टोपली हले. शंकरीअम्मानं याचा अर्थ सरळ लावला. औषध लागू पडलं की घाम सुटतो.

पहिल्या दिवसांत दोन बारीकसे प्रकार झाले, पण तिनं ते मनावर घेतले नाहीत. गोठ्यामागे तिला एक वडी पडलेली सापडली. भट्ट म्हणाले, हातातून निसटली. मग वारिजानं एक वडी आणून दाखवली. दोन्ही बागांतून एकच पाट वाहतो, पाणी आधी वरच्या घराचं आणि मग खालच्या. ती वडी वारिजाच्या केळीच्या आळ्यात येऊन अडकली होती. "अक्का, हे तुमच्याकडून आलं का? मला वाटलं, गाईला काही झालंय." भट्ट म्हणाले, पाटात वाकलो तर खिशातून पडली. त्यानंतर तसं काही सापडलं नाही.

वारिजाला तिनं नमुन्याला डबाभर वड्या दिल्या. वारिजानं तोंडभर स्तुती केली आणि दोन दिवसांनी येऊन वेगळीच तक्रार मांडली.

"अक्का, मुंजीसाठी गुळाच्या ढेपा आणल्या, त्यात काही राम नाही. जिभेवर ठेवला तर माती. दुकानदाराशी भांडून बदलून आणल्या, त्याही तशाच."

"हल्लीचा गूळ असाच," शंकरीअम्मा म्हणाली. "भेसळ करतात मेले."

मुंजीच्या आदल्या दिवशी गणराज आला, बापाला पुत्तूरला घेऊन गेला, रक्त देऊन आणला. शंकरीअम्मा त्या रात्री नीट झोपली नाही. डोळे मिटले की रंगवलेली खोली दिसे.

सकाळी मांडवात मंत्र चालू असताना गणराजच्या फोनवर निकाल आला. त्यानं तो दोनदा पाहिला आणि आईला बाजूला घेतलं. "अम्मा, उतरलीय. चांगलीच उतरलीय. काय केलंस तू?"

शंकरीअम्मानं पदर खोचला, वर आपल्या घरी जाऊन वड्यांचा मोठा डबा उचलला आणि खालच्या घराच्या मांडवाच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथे एका चौरंगावर आल्यागेल्यासाठी गुळाचे खडे आणि पाण्याचे तांबे ठेवलेले. तिनं गुळाचं तबक उचलून आत पाठवलं आणि त्या जागी डबा ठेवला.

"अक्का, गूळ?" वारिजा घाईघाईनं आली.

"तुझ्या गुळात राम नाही म्हणालीस ना? आज पाहुण्यांना हे. हातानं केलेलं, औषधी. ह्यांची साखर उतरली यानं. विचार गणराजला."

आता मोठ्या जावेला मांडवात नाही कोण म्हणणार? पानं मांडायची वेळ झालेली. पंगतीला बसायला जाणाऱ्या प्रत्येकाला तिनं एकेक वडी दिली, पाणी दिलं आणि वर साखरेची हकिगत दिली. पुरोहितांना दोन दिल्या. टोपलीचा हिशेब बाकी होता. चंद्रशेखर आला होता, त्याला म्हणाली, "घे, गुरांसाठी केलंय." आचारी शंभट्ट चुलाणावरून घाम पुसत बाहेर आला, त्यालाही एक. शंभट्टाचं पायस म्हणजे त्या मुलखात शेवटचा शब्द. लोक मुहूर्त नंतर विचारत, आधी शंभट्ट मोकळा आहे का ते विचारत. भट्ट आले, त्यांच्या हातावर तिनं सगळ्यांदेखत वडी ठेवली. हात तोंडाकडे गेला. मान डुलली.

पंगत बसली. भात झाला, सार झालं, भाज्या झाल्या. मग पायस आलं. वाढप्यानं पानापानावरच्या द्रोणात ओतलं, कुणीतरी श्लोक म्हटला, सगळ्यांनी हरहर महादेव केला आणि पहिला घोट घेतला.

पुरोहितांनी पानाकडे पाहिलं, मग शेजाऱ्याच्या पानाकडे. शेजाऱ्यानं जीभ टाळ्याला लावून पाहिली. "गूळ घालायचा राहिला वाटतं," कुणीतरी हळूच म्हणालं. हळू बोललेलं पंगतीत सर्वांत आधी पोचतं. शंभट्ट आतून आला. "शंभट्टाचा गूळ राहत नसतो," असं म्हणून त्यानं स्वतः द्रोणात घेऊन चाखलं, आणि त्याचा चेहरा पडला. आत जाऊन त्यानं ढेप फोडून घातली. पुन्हा वाढलं. तेच. आणखी एक ढेप. तेच. होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आली, तिलाही पिठाशिवाय चव नाही. वारिजा दाराशी रडकुंडीला येऊन सांगत होती की गूळवाल्यानं दुसऱ्यांदा फसवलं.

"माझी जीभ गेली," शंभट्ट म्हणाला. त्यानं झारा कठड्यावर ठेवला आणि खांद्यावरचा पंचा काढून घडी घालायला लागला. "इतक्या वर्षांत असं झालं नाही. आजपासून मी चुलाणापुढे उभा राहणार नाही."

पंगत गप्प. आणि त्या गप्प पंगतीत, खालच्या टोकाकडून, एकट्याचा भुरका ऐकू आला. लांबलचक, समाधानाचा, द्रोणाच्या तळापर्यंत गेलेला.

तिरुमल भट्टांनी मिशी पुसली. "अरे, आणखी वाढ रे इकडे," ते वाढप्याला म्हणाले. "आज शंभट्टानं हात मोकळा सोडलाय. गोड म्हणजे काय गोड."

शंभट्टाची घडी हातातच राहिली. "गोड लागतं?"

"लागतं म्हणजे? घसा धरतोय नुसता. चवथ्यांदा घेतोय मी."

गणराजनं कपाळाला हात लावला. शंकरीअम्मा मात्र जागच्या जागी उभी होती. अख्ख्या मांडवाला माती लागते आणि या एका माणसाला गोड. हा एकटाच वेगळा कशानं? तिनं सावकाश मान वळवून भावाकडे पाहिलं. महालिंग पुढच्याच ओळीत, पानावर हात आखडून बसला होता.

"महालिंगा. ते तासभराचं काय म्हणत होतास तू?"

"तेच सांगत होतो, अक्का," महालिंग आपल्या चालीनं म्हणाला. "मधुनाशिनी खाल्ल्यावर तासभर जिभेला गोड कळत नाही. मीठ कळतं, तिखट कळतं. गोड तेवढं नाही."

सगळ्यांना कळायला थोडा वेळ लागला. शंकरीअम्माला लागला नाही. ती पंगतीच्या मधून चालत खालच्या टोकाला गेली. भट्टांनी तिला येताना पाहिलं आणि आकाशाकडे बघायला मान वर केली, पण वर मांडवाचं छत होतं. त्यांच्या पांढऱ्या उपरण्याला कमरेशी गाठ होती आणि गाठीभोवती एक तपकिरी डाग मोठा होत चालला होता. तिनं गाठ सोडली. आजची वडी, अर्धी वितळलेली, तिच्या तळहातावर आली.

"आजवरची एकतरी खाल्लीत?"

भट्टांनी पायसाकडे पाहिलं. खोटं बोलायला तिथे काही आधार नव्हता. "पहिली. दात गेला ती."

"आणि बाकीच्या?"

"गोठ्यामागे टाकली ती तुला सापडली. पाटात टाकली ती वारिजाला सापडली. मग काय करणार? डोंगरापलीकडे चिऱ्याची जुनी खाण आहे ना, तिथे."

"डोंगरापलीकडे," गणराज म्हणाला. "अप्पा, रोज?"

"सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. हिचे डोळे चुकवायचे तर त्याच्या अलीकडे जागाच नाही." भट्ट जरा घुटमळले. "पहिल्यांदा दम लागायचा. मग बरं वाटायला लागलं. वर वारा छान असतो."

आता साखर कशानं उतरली हे पंगतीतल्या शेवटच्या माणसालाही कळलं. कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. चंद्रशेखर पानात तोंड घालून हसत होता. शंकरीअम्मानं हातातल्या वडीकडे पाहिलं, मग शंभट्टाकडे.

"शंभट्टा, झारा उचल. तुझ्या पायसात काही खोट नाही. माझ्या चॉकलेटापुढे ते टिकलं नाही, एवढंच. तासाभरानं सगळ्यांना पुन्हा वाढ." मग वारिजाला, "तुझा गूळही चांगला होता. दुकानदाराला तसं सांग." आणि मुलाला, "ती खोली भाड्यानं दे."

एवढं झाल्यावर ती नवऱ्याकडे वळली. भट्ट द्रोण दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"अख्ख्या पंगतीत खरं बोललात ते एकटे तुम्ही," ती म्हणाली, "आणि तेही चोर म्हणून. तो द्रोण ठेवा खाली. उद्यापासून चॉकलेट दिवसातून तीनदा मिळेल. नेऊन तिथंच टाकायचं, खाणीत, डोंगर चढून. आणि एकही वडी अलीकडे सापडली, तर समोर बसवून खायला लावीन."